नातवाचा सातबारा

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोचा हा सदस्य कित्येक दशके भूमिगत होता. त्याच वर्षी १ जानेवारीला त्याची पत्नी तारक्का हिनेही शस्त्र ठेवले होते. पुढचे काही दिवस वर्तमानपत्रांतून मांडलेल्या बंदुकांची छायाचित्रे आली, कोणावर किती लाखांचे बक्षीस होते याच्या याद्या आल्या आणि एक प्रकरण संपल्याचा सूर सगळीकडे उमटला. हा आनंद खोटा नव्हता. साठ माणसे जिवंत घरी परतली, म्हणजे साठ आया रडायच्या वाचल्या, आणि त्यांच्या गोळीने मेले असते असे किती पोलीस नि गावकरी वाचले याची तर गणतीच नाही.

तरीही प्रकरण त्या दिवशी संपले, असे मला वाटत नाही. शस्त्र ठेवणाऱ्याला सरकारने जे देऊ केले ते त्याच्या नातवाच्या हाती उरते की नाही, यावर असल्या प्रकरणाचा निकाल लागतो. हे मी तर्काने म्हणत नाही. आम्हा खानदेशातल्या माणसांच्या दारात या प्रश्नाची दोनशे वर्षांची जमाखर्चवही उघडी पडलेली आहे. बंडखोरांना समजावून, माफी देऊन, जमीन देऊन वसवण्याचा महाराष्ट्रातला पहिला मोठा, विचारपूर्वक आखलेला प्रयोग १८२५ साली खानदेशात सुरू झाला आणि त्याच्या तीन ठाण्यांपैकी एक तापीकाठी कुकुरमुंड्याला होते. याच मुलखात कोरीट हे नंदुरबार तालुक्यातले गाव. उत्तरेला तापी, तापीपलीकडे तळोदा-अक्कलकुवा आणि त्यामागे सातपुडा. कुकुरमुंडा आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात मोडते, पण १९६० पर्यंत ते आपल्याच पश्चिम खानदेशात होते. गडचिरोलीचे भविष्य काय, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने आधी हा मुलूख वाचावा.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा खानदेश उजाड होता. १८०३च्या सुमारास होळकरी फौजांची लूट आणि पाठोपाठ दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पाडली. सातपुडा, सातमाळा आणि अजिंठ्याच्या रांगांतल्या घाटवाटा भिल्ल नाईकांच्या ताब्यात होत्या. त्या वाटांची राखण करणे, गावांची जागल करणे आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घेणे, हा त्यांचा जुना व्यवहार होता. राज्य मजबूत असले की हक्क पोचे, तो पोचला नाही की नाईक तो स्वतः वसूल करत. ज्याला सरकारी दप्तराने दरोडा म्हटले त्यातला बराचसा भाग हा असा बुडालेल्या हक्काचा होता.

पेशवाईच्या अखेरीस या प्रश्नावर एक उत्तर शोधले गेले, ते कोपरगावला. १८०४ साली सरसुभा बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना बोलणी करायला म्हणून तिथे बोलावले आणि मोठ्या संख्येने त्यांची कत्तल केली. प्रेते विहिरींत टाकली, असे गॅझेटियर सांगते. ही घटना नैतिकदृष्ट्या काळीकुट्ट आहेच, पण राज्यकारभाराच्या दृष्टीनेही ती किती महागात पडली ते पाहण्यासारखे आहे. बोलावणे आले की मरण येते, हे एका पिढीला कळले आणि पुढची पिढी कोणाच्याही बोलावण्यावर विश्वास ठेवायला तयार राहिली नाही. तहाची बोलणी हे राज्याचे सर्वांत स्वस्त हत्यार असते. कोपरगावाने तेच मोडून टाकले.

१८१८मध्ये इंग्रज आले तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्जसमोर हाच अविश्वास उभा होता. पहिली सात वर्षे इंग्रजांनी मुख्यतः बळावर भर दिला. डोंगराच्या तोंडाशी चौक्या बसवल्या, रसद तोडली, शरण येणाऱ्या नाईकांना पेन्शन देऊ केले, न येणाऱ्यांचा पाठलाग केला. चील नाईकाला फाशी दिले. एक नाईक पकडला की दुसरा उठे. पलटणी तापाने आजारी पडत, डोंगर मात्र तसाच राही. १८२५पर्यंत मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या लक्षात आले की हे असे चालणार नाही. त्यांनी खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापल्या: दक्षिणेला कन्नड भागात ओव्हन्स, वायव्येला कुकुरमुंड्याला रिग्बी, आणि भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचे काम जेम्स औट्रमकडे. औट्रम तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. कन्नडच्या घाटाला आजही लोक औट्रम घाट म्हणतात.

एजन्सीची योजना आजच्या आत्मसमर्पण योजनेच्या नजरेने वाचली तर आश्चर्य वाटते, इतकी ती ओळखीची आहे. मागचे गुन्हे माफ. जो येईल त्याचे नाव नोंदवहीत. कसायला जमीन, सुरुवातीची वर्षे सारा नाही, बैल-बियाण्यासाठी तगाई. नाईकांना त्यांच्या जुन्या हक्कांच्या मोबदल्यात नेमणूक. किरकोळ तंटे एजंटाने जागेवरच मिटवायचे, भिल्लाला कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावायचे नाही. आणि ज्याला शेती नको, लढणेच येते, त्याला पलटणीत घ्यायचे.

यातले सर्वांत अवघड काम शेवटचे होते, कारण त्याच्या आड कोपरगाव येत होते. औट्रमने स्वतः लिहून ठेवले आहे की भरती सुरू होताच डोंगरात अफवा उठली: भिल्लांना एका साखळीत बांधून त्यांची जातच नाहीशी करायची आहे, आणि त्यांचे रक्त साहेबाच्या देशात औषध म्हणून खपते. आजच्या वाचकाला ही अफवा भाबडी वाटेल. मला ती वीस वर्षांपूर्वीच्या विहिरींची आठवण वाटते. औट्रमने तिला आदेशाने उत्तर दिले नाही. तो पहारा न घेता त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, आणि पहिले मोजके लोक आले ते एका माणसाच्या भरवशावर आले. पलटण धरणगावी उभी राहू लागली, तेव्हा तो आपल्या रंगरुटांना मालेगावच्या छावणीत घेऊन गेला. तिथल्या पलटणीत वरच्या जातींचे शिपाई होते. हे भिल्लांना हिणवतील अशी भीती होती. झाले उलटेच. त्यांनी भिल्लांना आपल्यात बसवून घेतले, खाऊ घातले, बरोबरीने बोलले. परत आल्यावर हे भिल्ल फार खुशीत होते, असे औट्रमने कळवले. वर्षानुवर्षे ज्यांना गावाबाहेरच्या भिलाटीत ठेवले गेले, त्यांना एका पंगतीची जागा मिळाली होती. पेन्शन आणि तगाईने जे साधले नव्हते ते यात साधले. दोन-तीन वर्षांत पलटण शेकडोंची झाली आणि खानदेशातले रस्ते चालते झाले.

हा प्रयोग यशस्वी का झाला, हे नीट सांगायला हवे, कारण त्याच्याभोवती साहेबाच्या जादूच्या दंतकथा फार आहेत. पहिले, माफीचा शब्द पाळला गेला. शरण आलेल्याला जुन्या गुन्ह्याखाली पुन्हा उचलले तर डोंगरातला दुसरा माणूस खाली येत नाही. दुसरे, शब्द देणारा माणूस तिथेच राहिला. औट्रम १८३५पर्यंत, म्हणजे दहा वर्षे खानदेशात होता. तिसरे, नुसती रोकड न देता उपजीविका दिली: जमीन, आणि जमिनीबरोबर बैल. चौथे, मान. आणि हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवे की या सगळ्याच्या मागे बळ होते. औट्रमने आधी चढाई केली, कैदी पकडले आणि मग त्या कैद्यांमार्फत बोलणी सुरू केली. बळामुळे माणूस दाराशी येतो, हे खरे आहे. पण तो घरात टिकतो तो बळामुळे नव्हे.

मग हा प्रयोग पुढे फसला कुठे? कारण फसला तर खरेच. त्याचा पहिला पुरावा १८५७चा आणि दुसरा १९७२चा.

खाज्या नाईक हा सेंधव्याच्या घाटात मुंबई-आग्रा रस्त्याची राखण करणारा इंग्रजांचा नोकर. पुनर्वसित, पगारी, विश्वासातला. एका संशयिताच्या मृत्यूवरून त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली. पुढे तो सुटला, पण १८५७च्या धामधुमीत तो भीमा नाईकाबरोबर उठला आणि इंदूरहून येणारा खजिना त्याने लुटला. एप्रिल १८५८मध्ये सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली, पकडलेल्या अनेक भिल्लांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या, बायका-मुलांना कैद केले. १८६०मध्ये खाज्या नाईक दगाफटक्याने मारला गेला. तीसेक वर्षांपूर्वी ज्यांना समजावून खाली आणले होते त्यांच्याच नात्यागोत्यातली ही माणसे. इंग्रजांनी भिल्लाला राखणदार केले, पण राखणदाराला दाद मागायची जागा दिली नाही. सगळा व्यवहार साहेबाच्या मर्जीवर उभा होता. एक साहेब गेला, दुसरा कडक आला, की जे मिळाले ते काढून घेतले जाऊ शकत होते. हक्काच्या जागी मेहेरबानी आली होती. दुसरी चूक अशी की शस्त्र खाली ठेवायला लावून तेच शस्त्र दुसऱ्या आदिवासीवर रोखायला दिले. १८३०मध्ये डांगवर स्वारी झाली ती याच भिल्ल पलटणीला घेऊन. अशाने एका मुलखातली दुही शांततेच्या नावाखाली पक्की होते.

जमिनीची गोष्ट याहून सावकाश घडली, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. एजन्सीने जमीन दिली तेव्हा ती कसणाऱ्याची होती, कारण दुसरा कोणी कसायलाच नव्हता. पुढे मोजणी आली, साऱ्याचे दर ठरले, सारा रोखीने आणि वेळेवर भरायचा झाला, आणि जमीन तारण ठेवता येणारी, विकता येणारी वस्तू बनली. तापीकाठच्या काळ्या कसदार जमिनीला कपाशीने भाव आला. ज्याला कोर्टाचा कागद वाचता येत नव्हता त्याच्यासमोर सावकार आणि दिवाणी कोर्ट असे दोघे एकदम उभे राहिले. १९०१मध्ये सरकारला महसूल कायदा दुरुस्त करून काही जमिनी हस्तांतराच्या बंदीच्या शर्तीने द्याव्या लागल्या, यातच दुखणे किती पसरले होते ते दिसते. तरी गळती थांबली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात चित्र पालटलेले होते. ज्यांच्या पणजोबांना बैलजोडी देऊन शेतकरी केले होते ते दुसऱ्याच्या शेतात सालदार झाले होते, बऱ्याचदा त्याच जमिनीवर जी एकेकाळी त्यांच्या घराण्याची होती.

१९७१मध्ये दुष्काळात धान्य मागायला गेलेल्या भिल्लांवर शहाद्याजवळ पाटीलवाडीला गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती या सर्वोदयी वळणाच्या भिल्ल कार्यकर्त्याने ग्राम स्वराज्य समितीतून लोक उभे केले, ३० जानेवारी १९७२ला भू-मुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. बड्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्यांचे पहारेकरी तेव्हा शेताशेतांतून फिरत होते. एकेकाळी गावाची जागल ज्यांच्याकडे होती त्यांच्यावरच आता पहारा बसला होता. मला या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते की इतके होऊनही सातपुड्याचा हा पायथा बंदुकीकडे वळला नाही. अंबरसिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी मोर्चा, संप, मजुरीची बोलणी आणि जमिनीचे दावे हा मार्ग धरला. त्याचे फळ म्हणून १९७४चा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद त्यात झाली. १८२५ला दिलेला शब्द पाळण्याची दुसरी संधी १९७४ला मिळाली, तीही लोकांनी रस्त्यावर उतरून मिळवली, म्हणून.

आता कोरीटकडे पाहा, किंवा या पट्ट्यातल्या अशा कुठल्याही गावाकडे. कुठल्या घराने कधी शस्त्र ठेवले याची आठवण आता कोणाला नाही, आणि ती नसणे हे शांततेचे लक्षण मानता येईल. पण सातबारा उताऱ्यावर मूळ नावाखाली आज कोणाचे नाव आहे, हे तलाठ्याकडे दहा मिनिटांत कळते. दिवाळीनंतर या जिल्ह्यातली कुटुंबे ऊसतोडीला, सुरत-बार्डोलीकडे निघतात, घराला कुलूप आणि मुलांच्या शाळेला खंड. ज्यांच्या शेतात मिरची आणि कपाशी आहे ते जात नाहीत, ज्यांच्याकडे जमीन नाही ते जातात. दोन शतकांपूर्वीच्या पुनर्वसनाचे मोजमाप या निघालेल्या ट्रकांतून होते, औट्रमच्या चरित्रातून होत नाही.

खानदेशाचा हा धडा जगभर पडताळता येतो. आसामात १९९०च्या दशकात उल्फा या बंडखोर संघटनेचे शेकडो लोक शरण आले. त्यांना कर्जे दिली, अनेकांच्या हाती शस्त्रेही ठेवली, आणि त्यांचा वापर जुन्या साथीदारांविरुद्ध केला. त्यातून खंडणीच्या टोळ्या उभ्या राहिल्या, आणि १९९८ ते २००१ या काळातल्या गुप्त हत्यांची जखम तिथे अजून भरलेली नाही. नेपाळात संयुक्त राष्ट्रांनी १९,६०२ माओवादी सैनिकांची पडताळणी करून त्यांना सात छावण्यांत ठेवले. वर्षामागून वर्षे राजकीय पक्षांची ओढाताण चालली. शेवटी सैन्यात गेले जेमतेम चौदाशे, बहुतेकांनी रोख रक्कम घेऊन घरची वाट धरली, आणि वय कमी म्हणून किंवा उशिरा भरती झाले म्हणून वगळलेले सुमारे चार हजार जण कडवट मनाने बाहेर पडले. कोलंबियात २०१६च्या करारानंतर फार्क या बंडखोर संघटनेने हजारो शस्त्रे संयुक्त राष्ट्रांच्या हवाली केली. त्यानंतर चारशेहून अधिक माजी सैनिकांचे खून झाले. शस्त्र ठेवलेल्या माणसाचा जीव वाचवणे हे पहिले वचन असते, तेच तिथे मोडले.

दुसऱ्या बाजूला मिझोराम आहे. वीस वर्षांच्या लढ्यानंतर ३० जून १९८६ला करार झाला, बंडखोरांचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले, दोन वर्षांत सत्तेबाहेरही गेले आणि पुन्हा जंगलात मात्र कोणी गेले नाही. त्यांचेच सहकारी झोरामथंगा १९९८मध्ये निवडणूक जिंकून आले. इंडोनेशियातल्या आचेमध्ये १५ ऑगस्ट २००५च्या हेलसिंकी करारानंतर बंडखोरांनी ८४० शस्त्रे परदेशी निरीक्षकांसमोर नष्ट करू दिली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यातला इर्वान्दी युसुफ गव्हर्नर म्हणून निवडून आला. या दोन्ही ठिकाणी हरण्याची आणि पुन्हा जिंकण्याची बिनरक्ताची जागा करारात होती. आणि आचेमध्ये करारावर तिसऱ्याची नजर होती.

या तिसऱ्याचे महत्त्व महाराष्ट्राला कोणी परक्याने शिकवायला नको. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणारे विनोबा १९६०मध्ये चंबळच्या खोऱ्यात पायी हिंडले आणि वीस बागींनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. पोलिसांना ते रुचले नाही. १९७१मध्ये बागी माधोसिंग विनोबांच्या सल्ल्याने जयप्रकाश नारायणांकडे पाटण्याला गेला, तेव्हा जयप्रकाशांनी आधी सरकारशी बोलून फाशी न देण्याचा शब्द घेतला आणि मगच १९७२मध्ये शेकडो जण शस्त्रे ठेवायला आले. पुढे मुंगावलीला त्यांच्यासाठी खुला तुरुंग निघाला. शिक्षा टळली नाही, पण ती माणसासारखी भोगता आली, आणि घरच्यांशी नाते तुटले नाही. दोन्ही वेळा सरकारचा शब्द सरकारच्या तोंडून आला असता तर कोणी मानला नसता. ज्याचा काही स्वार्थ नाही अशा माणसाने तो आपल्या अंगावर घेतला, म्हणून मानला गेला. राजनय म्हणजे केवळ देशादेशांतली बोलणी नव्हे. एकाच देशातल्या, एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन बाजूंमध्ये असा जामीन उभा करणे, हाही राजनयच.

गडचिरोलीत या दृष्टीने काय झाले? बरेच चांगले झाले, ते आधी सांगतो. २००५पासून राज्याची आत्मसमर्पण योजना चालू आहे आणि सातशेच्या आसपास माणसे तिच्यातून बाहेर आली. घर, बक्षिसाची रक्कम, प्रशिक्षण, काहींना कोनसरीच्या पोलाद प्रकल्पात काम. यातली एक तरतूद मला विशेष हलवून गेली. दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, लग्न करायला परवानगी मिळाली तरी पुरुषाला नसबंदी करून घ्यावी लागे. बाहेर आलेल्यांपैकी काहींची नस पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया पोलिसांच्या पुढाकाराने झाली आणि त्यांच्या घरी मूल जन्मले. ज्याला नातू होणार आहे तो माणूस पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करतो. पुनर्वसनाचा अर्थ इतक्या नेमकेपणाने ओळखणारी दुसरी सरकारी तरतूद मला ठाऊक नाही.

पण १८२५च्या दोन्ही चुका इथेही डोकावतात. पहिली, सगळा व्यवहार पोलीस खात्याच्या सद्भावनेवर चालतो. पोलीस अधीक्षकाची बदली दोन-तीन वर्षांत होते. नवा आला की जुन्या शब्दाची आठवण फायलीत उरते. दुसरी, शरण आलेल्याला पुन्हा बंदूक देण्याचा मोह. छत्तीसगडमध्ये सलवा जुडूमच्या काळात आदिवासी तरुणांना, त्यात शरण आलेल्यांनाही, विशेष पोलीस म्हणून पुढे केले. ५ जुलै २०११ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. तो निकाल खानदेश भिल्ल पलटणीवरचाही निकाल आहे, असे मी मानतो. आणि तिसरी गोष्ट: २०२५च्या सप्टेंबरात अभय या नावाने माओवाद्यांचे पत्रक आले, त्यात शस्त्रे ठेवून चर्चेची तयारी दाखवली होती. सरकारने चर्चा नाकारली, शरणागती स्वीकारली. लढाई जिंकत असलेल्या सरकारला हे सोयीचे असते. पण चर्चेत जे प्रश्न कागदावर येतात, म्हणजे जंगलावरचा हक्क, खाणी, ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा, तुरुंगातले कच्चे कैदी, ते शरणागतीत कागदावर येत नाहीत. बंदुका खाली आल्या तरी ते प्रश्न गावात जसेच्या तसे उभे राहतात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. ज्याने बंदूक उचलली त्याला घर आणि पैसा, आणि जो शेजारचा मुलगा उपाशी राहूनही कोणाच्या अंगावर गेला नाही त्याला काय? १ मे २०१९ला माओवाद्यांनी घडवलेल्या जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा जवान गेले, त्यांच्या बायकांना हे काय वाटत असेल? खबऱ्या ठरवून ज्याला रात्री घरातून ओढून नेले, त्याच्या आईला? या आक्षेपाला दयेच्या भाषेने उत्तर देता येणार नाही. माझे उत्तर असे: म्हणूनच पुनर्वसनाचा मोठा वाटा माणसाला नव्हे, गावाला दिला पाहिजे. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११मध्ये आपला बांबू आपण विकायचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. तिथे ज्याने कधी बंदूक धरली नाही त्यालाही त्या हक्काचा वाटा मिळतो. शरण आलेला माणूस अशा गावात परत आला तर तो बक्षीस घेऊन आलेला ठरत नाही, ग्रामसभेतला एक हात ठरतो. आणि मारल्या गेलेल्यांच्या घरांना भरपाईबरोबरच सत्य मिळाले पाहिजे: कोणी, का, कुठे. हे सांगण्याची अट शरण येणाऱ्याच्या माफीला जोडावी. माफी मिळते ती बोलल्याबद्दल, गप्प राहिल्याबद्दल नव्हे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शरण येणाऱ्याशी सरकारचा जो व्यवहार होतो तो लेखी असावा, त्याच्या भाषेत, गोंडी असो की माडिया, वाचून दाखवलेला असावा आणि त्याची एक प्रत ग्रामसभेकडे असावी. त्यावर पोलीस आणि महसूल खात्याबाहेरचा एक साक्षीदार असावा, निवृत्त न्यायाधीश किंवा लोकांचा विश्वास असलेला कार्यकर्ता, ज्याच्याकडे शब्द मोडल्याची तक्रार करता येईल. दिलेली जमीन हस्तांतराला बंद असावी आणि तिच्यावर कर्ज घ्यायची सोय सहकारी किंवा सरकारी बँकेतूनच असावी, नाहीतर बंदीची जमीन सावकाराला तोंडी गहाण पडते. शरण आलेल्याला सशस्त्र कामावर घेऊ नये. आणि सरकारने दरवर्षी विधिमंडळासमोर हिशेब ठेवावा: इतकी माणसे आली, त्यांतली इतकी हयात आहेत, इतक्यांच्या नावावर जमीन होती आणि आज इतक्यांच्या नावावर ती आहे. हा हिशेब पाच वर्षांचा नको. निदान पंचवीस वर्षांचा हवा, कारण खानदेशात जमीन पहिल्या पाच वर्षांत गेली नव्हती.

हा अहवाल लिहायला बसण्यापूर्वी सरकारने एक जुना अहवाल पूर्ण करावा, अशी माझी मागणी आहे. नंदुरबार जिल्ह्यात १९७४च्या कायद्याखाली कोणत्या गावात किती जमीन परत करण्याचे आदेश झाले, त्यांतली किती प्रत्यक्ष ताब्यात आली आणि आज कोणाच्या वहिवाटीत आहे, हे गावनिहाय प्रसिद्ध करावे. कोरीटपासून धडगावपर्यंत प्रत्येक ग्रामसभेत ते वाचून दाखवावे. गडचिरोलीतला एखादा तरुण आज सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून जंगलातून खाली येतो आहे. तो शब्द किती टिकतो हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, आणि ज्यांना असाच शब्द दोनशे वर्षांपूर्वी मिळाला होता त्यांच्या वारसांकडूनच त्याला खरे उत्तर मिळू शकते. ते उत्तर त्याला आश्वासक मिळावे, एवढी तयारी सरकारने आधी नंदुरबारात करावी.